वाचक विचारतात : बहात्तराव्या वर्षी गाडी विकावी का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी टिळकवाडीत राहणारा, बहात्तर वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. २०१२ साली घेतलेली पेट्रोलवरची छोटी मोटार आजही मीच चालवतो. पत्नी अडुसष्ट वर्षांची असून तिचे दोन्ही गुडघे दुखतात. आठवड्यातून दोनदा तिला फिजिओथेरपीला न्यावे लागते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी थोडी भातशेती आणि काजूची झाडे आहेत, तिकडे महिन्यातून एक-दोन फेऱ्या होतात. हिवाळ्यात तिघा मित्रांना घेऊन मी आसपासच्या साहित्य संमेलनांना जातो. गेल्या महिन्यात दुसऱ्या रेल्वे गेटजवळ डावीकडे वळताना उभ्या स्कूटरला माझी गाडी घासली. कोणाला लागले नाही, भरपाईही मी तिथल्या तिथे दिली. परंतु पुण्यातल्या मुलाला हे कळल्यापासून तो रोज फोनवर ‘बाबा, आता गाडी विकून टाका’ असे म्हणतो. येत्या मार्चमध्ये माझ्या लायसन्सची मुदतही संपत आहे. गाडी गेली तर आम्ही दोघे घरातच अडकून पडू, आणि रात्री-अपरात्री पत्नीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय करायचे, ही धास्ती मनातून जात नाही. मी काय करावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : मुलाने विषय गाडी विकण्याचा काढला असला, तरी मी सुरुवात त्या स्कूटरपासून करतो. ती आपल्याला दिसलीच नव्हती, की दिसली होती आणि अंतराचा अंदाज चुकला? कृपया याचे उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्यावे, कारण पुढचे बरेच काही त्यावर ठरेल. अंदाज चुकला असेल तर घाई, थकवा किंवा मान पुरती न वळणे असे एखादे कारण सापडेल, आणि त्यावर काही उपायही करता येईल. दिसलीच नसेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे आणि नजरेच्या नंबराबरोबरच बाजूची दृष्टी तपासून घ्यावी. काचबिंदूमध्ये बहुधा दुखत नाही, समोरचे वाचताही येते. कडेचे दिसणे मात्र हळूहळू नाहीसे होत जाते आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मोतीबिंदूचे तसे नाही. त्यात समोरच्या दिव्यांचा झगझगाट वाढतो, आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना पुन्हा चांगले दिसू लागते. म्हणून तपासणीपूर्वी गाडी विकण्याचा निर्णय घेऊ नये, आणि तपासणीपूर्वी गाडी चालवूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सहा वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही खानापूरहून बेळगावला परतत होतो. पाऊस लागलेला होता, समोरून ट्रकचे दिवे आले आणि क्षणभर माझ्यापुढचा सगळा रस्ता पांढऱ्या धुरासारखा झाला. दिवे निघून गेले तेव्हा गवताचे भारे लादलेली बैलगाडी माझ्यापुढे वीस-पंचवीस हातांवर होती. मी जोरात ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि पत्नीच्या मांडीवरचा डबा उघडून भाकरीचे तुकडे तिच्या पायाशी विखुरले. ती काही बोलली नाही, वाकून एकेक तुकडा वेचत राहिली. त्या महिन्यातच माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर मी आणखी चार वर्षे गाडी चालवली, परंतु फक्त दिवसा. आणि एकाहत्तराव्या वर्षी ती सोडली. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो, हे मला नेत्रतज्ज्ञांनी तेव्हा सांगितले. रात्रीच्या गाडी चालवण्याचा विचार दिवसाच्या गाडी चालवण्याहून वेगळा का करावा, हे त्या एका वाक्याने मला पटले.

लायसन्सचे सांगतो. पंचावन्न वर्षांच्या पुढे ते एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, आणि चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या प्रमाणपत्रात एक साधा प्रश्न असतो : चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का? आपल्याकडे ही सही बऱ्याचदा केवळ औपचारिकता म्हणून घेतली जाते. आपण तसे करू नये. गल्लीत उभ्या असलेल्या गाडीपासून पस्तीस पावले मागे जावे आणि प्लेट स्वतः वाचून पाहावी. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरची औषधे, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन नाश्ता टाळण्याची सवय, यांविषयीही डॉक्टरांना ‘मी गाडी चालवतो’ असे आवर्जून सांगून विचारावे. आपण सांगितले नाही तर सत्तरी ओलांडलेला रुग्ण गाडी चालवत असेल असे त्यांच्या मनात येईलच असे नाही.

आता घरात अडकून पडण्याची भीती. ही भीती खरी आहे आणि ‘रिक्षा आहेत की’ एवढे म्हणून तिची बोळवण करणे योग्य नाही. गाडी ठेवावी की विकावी, हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवून आपण एक वही घालावी. तीन महिने प्रत्येक फेरी तीत लिहावी : कुठे गेलो, किती वाजता, किती किलोमीटर, बरोबर कोण होते, आणि ती फेरी गाडीवाचून झाली असती का. मी ही वही घातली तेव्हा माझ्या निम्म्याहून अधिक फेऱ्या तीन किलोमीटरच्या आतल्या निघाल्या. भाजी, औषधे, बँक, वाचनालय. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून मी ती लांब उभी करून तसाही अर्धा रस्ता चालतच होतो.

खर्चाचाही हिशेब त्याच वहीत मांडावा. माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालत होती. पेट्रोल वीस हजार, विमा साडेआठ हजार, सर्व्हिसिंग नऊ हजार, टायर आणि बॅटरीचा वर्षाचा वाटा साडेचार हजार, आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरत होती ती सुमारे पंधरा हजारांनी. एकूण सत्तावन्न हजार. म्हणजे महिन्याला पावणेपाच हजार रुपये. इतकी वर्षे हे पैसे हातातून जात होते, परंतु थोडे थोडे आणि वेगवेगळ्या खिडक्यांवर जात असल्यामुळे जाणवत नव्हते. रिक्षावाल्याला शंभर रुपये देताना मात्र जाणवतात. गाडी विकल्यावर पत्नीने कपाटात वेगळे पाकीट केले आणि दर एक तारखेला त्यात पावणेपाच हजार ठेवायला सुरुवात केली. ते पैसे प्रवासाचेच आहेत, ते वाचवायचे नाहीत, असा आमचा नियम आहे. या पाकिटामुळे आमचे बाहेर पडणे कमी झाले नाही. गाडी सोडणाऱ्या प्रत्येक घराला मी हे करायला सांगतो, कारण निवृत्तिवेतनावर जगणारी आपली पिढी रिक्षाचे पैसे वाचवण्यासाठी घरी बसणे पसंत करते, आणि मग त्याचा दोष गाडी विकण्याला लागतो.

बेळगावात मीटरप्रमाणे चालणारी रिक्षा क्वचितच मिळते, त्यामुळे दर वेळी भाडे ठरवण्याची कटकट होते आणि ज्येष्ठ माणसांना ती नकोशी वाटते. त्यावर उपाय असा की आपल्या भागातल्या स्टँडवरचा एक विश्वासू रिक्षावाला कायमचा ठरवावा. फिजिओथेरपीच्या दोन दिवसांचे जाणे-येणे, थांबण्यासह, महिन्याच्या बोलीवर ठरवून टाकावे. वहिनींना गुडघ्यांमुळे रिक्षात चढताना आधार लागतो, हे त्याला एकदा कळले की तो दुसऱ्या खेपेपासून आपणहून पायरीला लागून रिक्षा उभी करतो. अनोळखी माणसाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

गावाकडच्या फेरीसाठी बसचा विचार करावा, आणि तो करताना सीमाभागातल्या मराठी ज्येष्ठांची एक अडचण मी मोकळेपणाने लिहितो, कारण बाहेरचे कोणी ती लिहीत नाही. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. आपल्यापैकी अनेकांना कन्नड बोललेले समजते, परंतु वाचता येत नाही. इतकी वर्षे स्वतःची गाडी होती, म्हणून ही उणीव झाकली गेली. गाडी गेली की मध्यवर्ती बसस्थानकावर उभे राहून प्रत्येक बसचा मार्ग कोणाला तरी विचारावा लागतो, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवले त्या माणसाला ते फार लागते. मी सत्तराव्या वर्षी नातीच्या शाळेच्या पुस्तकावरून कन्नड अंक आणि बाराखडी गिरवली. भाषाप्रश्नावरची माझी भूमिका त्यामुळे तसूभरही बदललेली नाही. खानापूरची पाटी मात्र मला आता लांबून वाचता येते. आपण शिक्षक होता, आपल्याला हे दोन महिन्यांत जमेल.

११ जून २०२३ पासून कर्नाटकातील ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या रहिवासी महिलांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे; वहिनींनी कर्नाटकातील पत्ता असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. आपल्याला साठीपुढील ज्येष्ठ नागरिक म्हणून तिकिटात २५ टक्के सवलत मिळते. या योजनेनंतर बसना गर्दी वाढली आहे, आणि शाळा-कचेऱ्यांच्या वेळी दुखऱ्या गुडघ्यांनी उंच पायरी चढणे वहिनींना झेपणार नाही, म्हणून अकरा ते तीनच्या दरम्यानचाच प्रवास ठेवावा. कोल्हापूरकडे जाताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मोफत प्रवासाची सवलत आंतरराज्य बसला नाही. आणि सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस सीमेवरच अडतात, तेव्हा परतीचा प्रवास बसच्या भरवशावर ठेवू नये. मुलाकडे जाण्यासाठी रेल्वे उत्तम. सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावला थांबते. ज्येष्ठांची भाडेसवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केली, ती परत सुरू झाली नाही. परंतु शयनयान असलेल्या गाड्यांत साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. तो तिकीट काढतानाच मागावा.

संमेलनांविषयी मला विशेष लिहावेसे वाटते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथली संमेलने म्हणजे आपल्या सीमाभागातला मराठीचा श्वास आहे, आणि तिथल्या खुर्च्यांवर निम्मी माणसे आपल्या वयाची असतात. आपल्या गाडीने आजवर तिघांना नेले. गाडी गेल्यावर चौघांनी मिळून दिवसाची गाडी ठरवावी आणि भाडे सारखे वाटून घ्यावे. पहिल्या वेळी पैसे मागताना संकोच होईल. परंतु इतकी वर्षे आपले पेट्रोल जाळल्याचा संकोच त्या तिघांनाही होत असणार, हे विसरू नये. आमच्या मित्रमंडळींत पहिल्याच खेपेला एकाने भाड्याचे पैसे आदल्या रात्री घरी आणून दिले आणि म्हणाला, ‘आता मला हक्काने मागची खिडकी मागता येईल.’

रात्रीच्या प्रसंगाची धास्ती हे आपल्या पत्रातले सर्वांत कळकळीचे वाक्य आहे. त्याचे उत्तर मात्र मला अगदी ठामपणे द्यायचे आहे. मध्यरात्री पत्नीच्या छातीत दुखू लागले आहे, पाऊस पडतो आहे, हात थरथरत आहेत आणि बहात्तर वर्षांचा नवरा मागे वळून वळून तिच्याकडे पाहत गाडी चालवतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ज्या क्षणासाठी आपण गाडी राखून ठेवू पाहता, नेमक्या त्याच क्षणी आपण ती चालवू नये. त्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, जिच्यात उपचाराची साधने आणि प्रशिक्षित माणूस असतो. तिला उशीर होणार असेल तर गाडी असलेला तरुण शेजारी हवा. यासाठी आजच शेजारच्या दोन घरांशी स्पष्ट बोलून ठेवावे, ‘रात्री फोन केला तर चालेल ना’ असे विचारावे, आणि १०८ सह ते क्रमांक मोठ्या अक्षरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवावेत. वहिनींना चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत, एवढे मोठे.

मुलाशी बोलणे राहिले. त्याला काळजी आहे हे खरे, परंतु ‘विकून टाका’ म्हणताना आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला कोण नेणार, हे त्याने विचारात घेतलेले दिसत नाही. तीन महिन्यांची वही त्याच्यापुढे ठेवावी आणि त्यातल्या ज्या फेऱ्यांना उत्तर सापडत नाही, तेवढ्यांचा विचार दोघांनी मिळून करावा. आपण त्याला तीन गोष्टींचे वचन आजच द्यावे : सूर्य मावळल्यावर गाडी नाही, पावसात नाही, आणि महामार्गावर नाही. चावी लपवून ठेवणारी, वडिलांना न सांगता गिऱ्हाईक आणणारी मुले मी पाहिली आहेत. त्यातून वडिलांची गाडी सुटली, पण घरातले बोलणेही सुटले. निर्णय आपला असावा आणि तो आपल्या तोंडून मुलाला कळावा.

विकायची कधी, हेही सांगून ठेवतो. आपल्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपेल. त्यानंतर ती पुढे चालू ठेवायची तर गाडीची तपासणी, १ एप्रिल २०२२ पासून वाढलेले किमान पाच हजार रुपयांचे शुल्क आणि राज्याचा हरित कर हे सगळे पुढच्या पाच वर्षांसाठी करावे लागते, आणि नोंदणी संपत आलेल्या गाडीला गिऱ्हाईक किंमत देत नाही. तेव्हा ती मुदत हीच आपली मर्यादा धरावी. विकण्याआधी मात्र एक महिना गाडी झाकून ठेवून तिच्यावाचून राहून पाहावे, आणि हा महिना जुलैचा असावा. डिसेंबरात बेळगावात कोणालाही पायी फिरवते. खरी परीक्षा मुसळधार पावसात रिक्षा मिळवण्याची असते. ‘असू दे दारात, मुलगा गणपतीला आल्यावर वापरेल’ हा मधला मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. उभ्या गाडीचा विमा भरावाच लागतो, बॅटरी उतरते, पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. आणि गाडी दारात असली की एखाद्या संध्याकाळी ‘आजच्या दिवस’ म्हणून चावी हातात येतेच. लायसन्सचे नूतनीकरण डॉक्टर अनुकूल असतील तर जरूर करून घ्यावे. गाडी नसली तरी लायसन्स असू शकते.

प्रश्न : माझे वय सत्तर. आठ महिन्यांपूर्वी मी माझी गाडी कागलच्या एका परिचिताला विकली. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, पैसे मिळाले, चाव्या दिल्या. गाडी अजून माझ्याच नावावर आहे. ‘करतो, करतो’ असे तो म्हणतो. आता टोलचे पैसे माझ्या खात्यातून जातात आणि परवा पुण्यातल्या दंडाचा संदेशही मला आला. घाबरण्यासारखे आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : होय, आणि टोल-दंडापेक्षाही मोठ्या कारणासाठी. स्टॅम्प पेपरमुळे व्यवहार सिद्ध होतो, नोंदणी बदलत नाही. आर. टी. ओ. च्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येऊ शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. विम्याची मुदत मधेच संपली असेल, तर ती भरपाई आपल्या घरावर आणि ठेवींवर येईल. म्हणून सर्वप्रथम, आजच, त्या गाडीचा विमा चालू आहे का ते पाहावे, आणि नसेल तर किमान त्रयस्थ व्यक्तीचा (थर्ड पार्टी) विमा स्वतःच्या खर्चाने उतरवावा. तो पैसा वाया गेला असे मानू नये.

फास्टॅग आपल्या बँकेला कळवून लगेच बंद करावा. त्यानंतर खरेदीदाराला घेऊन चिकोडीच्या आर. टी. ओ. कार्यालयात जावे. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असल्यामुळे फॉर्म २८ भरून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याआधी दंड थकलेला नसावा, गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे कर्जमुक्तीचे पत्र हवे, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यास नव्या पद्धतीची उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. दुसऱ्या राज्यातल्या व्यवहारासाठी कायद्याने ४५ दिवसांची मुदत दिली आहे, ती आपली केव्हाच उलटली आहे. तरी उशिराचे शुल्क भरून काम होते. कोल्हापूरला नव्याने नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर खरेदीदाराने भरायचा असतो, आणि माझ्या मते त्या रकमेमुळेच तो टाळाटाळ करत असावा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर तिथला नंबर घेणे बंधनकारक आहे, हे त्याला सांगावे. तिकडे नोंदणी झाल्यावर कर्नाटकात भरलेल्या आजीवन करापैकी उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. त्यासाठी नव्या नोंदणी प्रमाणपत्राची (आर. सी.) प्रत त्याच्याकडून घेऊन ठेवावी.

परिचित आहे म्हणून वाईटपणा नको, असे आपल्याला वाटत असेल. तरीही पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र त्याला स्पीड पोस्टाने पाठवावे, पोचपावती जपून ठेवावी, आणि मुदतीत तो आला नाही तर स्टॅम्प पेपरची प्रत जोडून आर. टी. ओ. आणि निपाणी पोलीस ठाणे या दोन्ही ठिकाणी लेखी कळवून शिक्क्यासह पोच घ्यावी.